कचेरीचे दार आणि शाळेचा उंबरठा
(म्हैसूर संस्थानातील मिलर समिती आणि बंगळूरची मराठी माणसे)

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गणेशोत्सवांची, नाट्यप्रयोगांची आणि ज्यांनी पदरमोड करून ही संस्था नावारूपास आणली त्या कार्यकर्त्यांची आठवण व्हावी, हे यथोचितच आहे. ते काम या अंकातील इतर लेखक आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने पार पाडतील. आम्ही येथे एका निराळ्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. बंगळूर नगरीत आणि जुन्या म्हैसूर संस्थानात सरकारी नोकरीचे व उच्च शिक्षणाचे दार कोणाला उघडे होते, कोणाला बंद होते आणि ते सर्वांना उघडावे म्हणून येथे कोणते प्रयत्न झाले, याचा तो इतिहास होय. या विषयाचा मराठी मंडळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. या दाराच्या आत बसलेल्यांत मराठी माणसे होती आणि बाहेर ताटकळत उभे असलेल्यांतही मराठी माणसेच होती.

'बंगळूरचा मराठी समाज' असे आपण सहज म्हणून जातो. परंतु हा समाज एका पंगतीत बसून येथे आलेला नाही. इ. स. १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडांकडून बंगळूर जिंकले व पुढे हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्यांच्याबरोबर तलवार धरणारा आला, तसा लेखणी धरणाराही आला. १६८७ मध्ये हे शहर मोगलांच्या हातून चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. भोसल्यांची सत्ता संपली, पण माणसे राहिली. शिलेदारांच्या वंशजांनी शेती पत्करली. शिंपी, भावसार रंगारी, सोनार अशा कारागिरांनी जुन्या पेठेच्या आधाराने आपापले व्यवसाय चालविले. लेखणीवाल्यांची गोष्ट मात्र वेगळी. राजे बदलले तरी हिशेब ठेवणारा लागतोच. १७९९ नंतर दिवाण झालेले पूर्णय्या हे देशस्थ माध्व ब्राह्मण टिपू सुलतानाच्या दरबारातही अधिकारपदावर होते, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. १८३१ नंतर संस्थानचा कारभार इंग्रज कमिशनरांकडे गेला, तेव्हाही महसुली कामकाजात कन्नडच्या जोडीने मराठी वापरात होती. अर्थात ज्याच्या घरात मराठी हिशेबाची परंपरा होती त्याला कचेरीची वाट घरच्या अंगणातूनच जात होती.

१८८१ मध्ये संस्थान पुन्हा वोडेयर घराण्याच्या स्वाधीन झाले. तोपर्यंत मराठीची जागा इंग्रजीने घेतली होती. १८५८ मध्ये स्थापन झालेले शासकीय हायस्कूल पुढे सेंट्रल कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले आणि तेथून पदवीधर बाहेर पडू लागले. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत वरिष्ठ जागांसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली. वशिल्याच्या जागी परीक्षा आली, ही सुधारणाच होती, यात शंका नाही. अमुक जातीच्या उमेदवाराने परीक्षेस बसू नये, असा नियम कोठेही नव्हता. तरीही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात असे दिसून येत होते, की लोकसंख्येत शेकडा चारांहून कमी असलेल्या ब्राह्मण समाजाकडे राजपत्रित पदांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक पदे होती.

दारावर कुलूप नसताना दार बंद कसे राहते, हे समजून घेतल्यावाचून पुढचा इतिहास समजणार नाही. परीक्षा एका दिवशी होत असली तरी तिची तयारी दोन पिढ्या चालू असते. ज्याचा आजा मोडी वाचीत होता आणि बाप कचेरीत कारकून होता, त्या मुलाला पाटी-दप्तर म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नसे. हायस्कूल तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. तेथे राहण्यास मावशीचे घर असे, जेवणास वार लावून मिळत. शेतकऱ्याच्या किंवा शिंप्याच्या मुलाला शहरात ना मावशी, ना वार. त्याची शाळेची फी म्हणजे घरातील एका माणसाच्या मजुरीवर पाणी सोडणे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला तर शाळेच्या उंबरठ्याच्या आत पाऊलच टाकता येत नसे. अशा स्थितीत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका वाटून 'आता ज्याची त्याची गुणवत्ता' असे म्हणणे दिसावयास न्याय्य होते; परंतु तिचा निकाल बराचसा आधीच लागलेला असे.

येथे आणखी एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. म्हैसूरमध्ये पहिला आरडाओरडा झाला तो ब्राह्मण व ब्राह्मणेतर असा नव्हे, तर 'मुलकी' आणि 'परमुलखी' असा. मद्रास इलाख्यातून आलेले अधिकारी वरच्या जागा अडवून बसतात आणि म्हैसूरच्या भूमिपुत्रांना वाव मिळत नाही, अशी ही तक्रार होती. ती मांडणाऱ्यांत म्हैसूरचे सुशिक्षित ब्राह्मणच अग्रभागी होते. गंमत अशी, की १९०६ ते १९०९ या काळात दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यानंतर १९१२ पर्यंत दिवाण असलेले टी. आनंदराव हे दोघेही तंजावरकडील मराठी परंपरेतले. आनंदराव हे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणगिरी गाजविलेल्या सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. म्हणजे मराठी बोलणारा दिवाण येथे 'परका' ठरत होता आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेला मराठी शिंपी 'मुलकी' असूनही कचेरीच्या दृष्टीने कोणीच नव्हता. भाषा एक असून नशिबे किती भिन्न असू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

परक्यांविरुद्धची ही तक्रार करणाऱ्यांना लौकरच त्यांच्याच युक्तिवादाने उत्तर मिळाले. लोकसंख्येच्या प्रमाणात मुलकी माणसाला जागा मिळाल्या पाहिजेत, हे तत्त्व एकदा मान्य केले की मुलकी माणसांत कोणाला किती, हा प्रश्न टाळता येत नाही. १९०५-०६ च्या सुमारास लिंगायत व वक्कलिग समाजांनी शिक्षणप्रसारासाठी स्वतःच्या संस्था काढल्या. बंगळूरचा वक्कलिगर संघ १९०६ चा. मुसलमान समाजातही अशीच जागृती झाली. या सर्वांच्या एकत्र विचारातून १९१७ मध्ये 'प्रजा मित्र मंडळी' ही संघटना जन्मास आली आणि पुढील वर्षी तिच्या शिष्टमंडळाने महाराज कृष्णराज वोडेयर (चौथे) यांच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले.

महाराष्ट्रीय वाचकास येथे साहजिकच करवीरची आठवण होईल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण बहुजनांपर्यंत न्यावे, असे आग्रहाने सांगितले होते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. परंतु केवळ जागा राखून भागत नाही, हे महाराजांनी पुरते ओळखले होते. मराठा, जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृहांना आश्रय दिला आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. ज्या मुलाला शहरात मावशी नव्हती त्याला कोल्हापुरात वसतिगृह मिळाले. म्हैसूरच्या प्रयत्नाकडे पाहताना ही जोडगोळी ध्यानात ठेवावी : वर नोकरीची जागा आणि खाली शाळेची पायरी.

ऑगस्ट १९१८ मध्ये महाराजांनी म्हैसूर चीफ कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारी नोकरीत सर्व समाजांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळण्यासाठी भरतीच्या नियमांत कोणते बदल करावेत, मागासलेल्या समाजांत उच्च व धंदेशिक्षण वाढावे म्हणून कोणत्या सवलती द्याव्यात आणि याशिवाय आणखी काय करता येईल, अशा प्रश्नांचा विचार तिने करावयाचा होता.

या वेळी दिवाणपदावर होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा या धोरणास विरोध होता, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही आणि तिच्यावरून त्यांना दूषण देण्याचेही कारण नाही. त्यांचे म्हणणे असे, की नोकरी गुणवत्तेवरच दिली पाहिजे, नाही तर कारभार खालावेल. मागासलेल्यांना वर आणावयाचे ते शिक्षणाचा प्रसार करून. आणि हे ते नुसते बोलत नव्हते. त्यांच्याच कारकीर्दीत १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले, शाळा वाढल्या, मागास विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्यांचे सहकारी सी. आर. रेड्डी यांनी शिक्षण खात्यातून याच कामाचा पाठपुरावा केला. अस्पृश्यांच्या मुलांना सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम १९१५ मधला. त्यावरून काही ठिकाणी वरिष्ठ जातींनी आपली मुले शाळेतून काढून घेतली, तरी सरकारने हुकूम मागे घेतला नाही. १९१८ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या दिवाणपदावरून निवृत्त झाले. समितीविषयीचा मतभेद हे त्याचे एक कारण होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पुणेकरांस विश्वेश्वरय्या परके नाहीत. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव तेथे घरोघर आहे. परंतु ते पुण्यास आले कसे, हे पाहण्यासारखे आहे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून शिकलेला हा निर्धन तरुण १८८१ मध्ये पदवीधर झाला आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. १८८३ मध्ये तो परीक्षेत पहिला आला. बुद्धी त्याची स्वतःची, कष्ट त्याचे स्वतःचे. पण शिडी सरकारने लावली होती. गुणवत्ता व साहाय्य या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत, याचा दाखला आम्हांस विश्वेश्वरय्यांच्याच चरित्रात मिळतो. वाद खरा होता तो शिडी लावावी की नाही हा नव्हता. ती शाळेच्या उंबरठ्याशीच लावून थांबावे की कचेरीच्या दारापर्यंत न्यावी, हा होता.

मिलर समितीने १९१९ मध्ये अहवाल सादर केला. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांकडे जाव्यात, लायक उमेदवार मिळेल तेथे दलित वर्गास प्राधान्य द्यावे आणि शिष्यवृत्त्या व वसतिगृहांची सोय वाढवावी, असा तिचा एकंदर आशय होता. त्याच वर्षी महाराजांचे मामा सरदार एम. कांतराज अर्स दिवाण झाले. १९२१ मध्ये सरकारी हुकूम निघून समितीचे धोरण मुख्यतः स्वीकारण्यात आले. त्याच साली मद्रास इलाख्यातही जातवार प्रतिनिधित्वाचा हुकूम निघाला. अमेरिकेत वंशभेदाविरुद्ध अशा प्रकारच्या सकारात्मक उपायांची भाषा सरकारी आदेशात १९६१ मध्ये आली आणि मलेशियाने आपले नवे आर्थिक धोरण १९७१ मध्ये आखले. हे ध्यानात घेतले म्हणजे कोल्हापूर व म्हैसूर या दोन देशी संस्थानांनी किती आधी हा प्रश्न हाती घेतला होता, हे कळते.

या हुकमाचे फळ काय? म्हैसूरच्या कचेऱ्यांतून हळूहळू नवे चेहरे दिसू लागले, शेतकरी घरांतील मुले वकील, डॉक्टर, अमलदार झाली, हे निर्विवाद आहे. परंतु या योजनेतील वैगुण्यही सांगितले पाहिजे. 'ब्राह्मणेतर' ही एकच मोठी मोट बांधली गेली. तिच्यात जमीनदार होता तसाच भूमिहीन होता. संघटित, संख्येने मोठा समाज होता तसाच चार गल्ल्यांत मावणारा लहानसा समाजही होता. ज्यांच्या संस्था, वसतिगृहे व पुढारी तयार होते, ते पुढे सरकले. आपले मराठा, शिंपी, भावसार बांधव व्याख्येने या मोटेत होतेच. पण त्यांची संख्या थोडी, वस्ती विखुरलेली, भाषा निराळी. दार उघडल्यावर आत शिरण्यासाठीही कोपराला जोर लागतो. तो त्यांच्याजवळ बेताचाच होता. दलितांच्या वाट्याला तर प्राधान्याचा शब्द आला. पण लायक ठरण्यासाठी जे शिक्षण हवे, ते मिळण्यास त्यांना आणखी एक पिढी थांबावे लागले.

दुसऱ्या बाजूस, ज्या देशस्थ घरांना कचेरी म्हणजे वडिलोपार्जित वतन वाटत होते, त्यांना नवी वाट धुंडाळावी लागली. ती बँका, महाविद्यालये, अभियांत्रिकी आणि परप्रांतातील नोकऱ्यांकडे गेली. योगायोग असा, की बंगळूर शहरच त्या सुमारास बदलत होते. १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था निघाली होती. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने येथे विमानांचा कारखाना काढला. मागोमाग आय. टी. आय. (१९४८), एच. एम. टी. (१९५३), भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) आले. या कारखान्यांच्या भोंग्याबरोबर पुण्या-मुंबईकडून, बेळगाव-धारवाडकडून नवी मराठी कुटुंबे येथे आली. आपल्यापैकी अनेकांची घरे याच लाटेबरोबर येथे स्थिरावली. सरकारी नोकरीचा एक दरवाजा अरुंद झाला म्हणून ज्यांना दुःख झाले, त्यांच्याच नातवंडांना दुसरे दहा दरवाजे उघडे मिळाले. कारण शिक्षणाची शिदोरी त्यांच्याजवळ आधीपासून होती. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांना मिलर समितीचा आधार हवा होता, हे यावरूनही सिद्ध होते.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न राज्यघटनेच्या चौकटीत आला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने मागासवर्गांसाठी शिक्षणात विशेष तरतूद करण्याची मुभा राज्यांना दिली. नागनगौडा समितीनंतर म्हैसूर सरकारने व्यावसायिक महाविद्यालयांतील शेकडा ६८ जागा राखल्या. त्यावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालाजी खटल्यात निर्णय दिला, की केवळ जात हीच मागासलेपणाची कसोटी होऊ शकत नाही आणि राखीव जागा सामान्यतः निम्म्यांहून कमी असाव्यात. १९७२ मध्ये देवराज अर्स यांच्या सरकारने एल. जी. हावनूर यांचा आयोग नेमला. १९७५ च्या त्याच्या अहवालाने मिलर समितीची ती मोठी मोट सोडविली आणि कोण किती मागे आहे, हे शाळेतील व नोकरीतील प्रमाण पाहून ठरविण्याचा प्रयत्न केला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने पन्नास टक्क्यांची मर्यादा देशभर दृढ केली. पुढे कर्नाटकात जी वर्गवारी रूढ झाली, तिच्यात मराठा समाज '३ ब' या वर्गात आला. महाराष्ट्रात मराठा आरक्षणाचा प्रश्न अलीकडे किती तीव्रतेने गाजला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील कायदा कसा रद्द ठरविला, हे सर्वश्रुत आहे. एकच समाज सीमेच्या अलीकडे एका गणतीत आणि पलीकडे दुसऱ्या गणतीत असतो. मागासलेपण हा रक्ताचा गुण नसून त्या त्या ठिकाणच्या संधीचा हिशेब आहे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

मुलकी-परमुलखीचा जुना वादही संपलेला नाही. १९८० च्या दशकात धारवाडच्या माजी केंद्रीय राज्यमंत्री सरोजिनी महिषी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कर्नाटकातील नोकऱ्यांत कन्नडिगांना अग्रक्रम देण्याच्या शिफारशी तिने केल्या. तिने कन्नडिगाची व्याख्या जन्मावरून वा मातृभाषेवरून केली नाही. पंधरा वर्षांचा रहिवास आणि कन्नडचे ज्ञान या तिच्या कसोट्या. जुलै २०२४ मध्ये खासगी उद्योगांत स्थानिकांस जागा राखण्याचे विधेयक मंत्रिमंडळाने संमत केले व गदारोळ होताच स्थगित ठेवले. असे प्रसंग आले की आपल्यापैकी काहींचा जीव कासावीस होतो. परंतु आम्हांस नम्रपणे असे वाटते, की ज्या मातीत आपली मुले वाढली तिची भाषा ज्याला येते, त्याने या कसोट्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. घरात मराठी आणि दारात कन्नड हा येथील जुन्या मराठी कुटुंबांचा शिरस्ताच आहे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या मराठीत कन्नड शब्द इतके मिसळले आहेत, की पुण्याचा पाहुणा गोंधळून जातो. तो गोंधळला म्हणून आपण ओशाळण्याचे कारण नाही.

हा इतिहास सांगण्यात आमचा हेतू जुनी भांडणे उकरून काढण्याचा नाही. कोणाच्या आजोबांनी जागा अडविली आणि कोणाच्या आजोबांना ती मिळाली, याचा जमाखर्च आज मांडून कोणाचेच भले होणार नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी सर लेस्ली मिलर यांच्या समितीने जो प्रश्न संस्थानला विचारला, तोच आपण आपल्या मंडळाला विचारावा, एवढी आमची विनंती आहे. या नगरीत मराठी बोलणारे सर्वच काही अभियंते, प्राध्यापक वा बँकेतील अधिकारी नाहीत. पेठेतील सोन्याच्या पेढीमागे बसून दागिने घडविणारा कारागीर मराठी आहे; जुन्या वस्तीतील शिंपी, गोंधळी मराठी आहेत; सीमाभागातून बांधकामावर आलेला मजूरही मराठी आहे. आपल्या सभासदांच्या यादीत, आपल्या व्यासपीठावर, आपल्या वक्तृत्व स्पर्धेत त्यांची मुले किती आहेत, हे मोजावयास आयोग नेमण्याची गरज नाही.

मंडळाचे दार कोणालाही बंद नाही, हे आम्ही जाणतो. पण कचेरीचे दारही कोणाला बंद नव्हते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत येण्यासाठी काय कमी पडते, हे पाहून ते पुरविणे, हाच कोल्हापूरच्या व म्हैसूरच्या प्रयत्नांचा गाभा होता. मंडळाने सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक शिष्यवृत्ती-निधी उभारावा. शहरात नातेवाईक नसलेल्या मराठी विद्यार्थ्यास सभासदांच्या घरी निवाऱ्याची व जेवणाची व्यवस्था लावून द्यावी. आणि नव्याने आलेल्यांसाठी कन्नडचा वर्ग चालवावा. खर्च फार नाही. जागा आहे, शिकविणारे आहेत, शिकलेली मुले मोठी होऊन पुन्हा मंडळाचाच हात धरतील. मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत अशा एखाद्या मुलाने लेख लिहिला, तर या पन्नास वर्षांचे चीज झाले असे आम्ही समजू.